रिकाम्या डब्याला पाणी

कुमुदचा भाचा प्रसाद याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात खुबे, म्हणजे शिंपले, घेत उभी होते. "मावशे, आते गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ मला नुसत्या गाड्यांचा आवाज ऐकू येत राहिला, कारण हरमलला त्यांच्या दारावरून आता दिवसभर पर्यटकांच्या स्कूटर जात असतात. मी खुबे तसेच टाकून निघाले. तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ओसरीत चार बायका बसल्या होत्या, शेजारच्या भाड्याच्या खोलीतली गोरी मुलगी पायऱ्यांवर अवघडून उभी होती, आणि कुमुदच्या खोलीची खिडकी कुणीतरी लावून घेतली होती. ती खिडकी तिने हयातीत कधी लावू दिली नव्हती.

तिला शेवटची भेटले ती त्याआधी महिनाभर. अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली होती. आयुष्यभर जिच्या बडबडीला मी वैतागले, ती बाई खाटेवर पडून नुसती बघत होती. मी बाजारभाव सांगितले, गावात कोण आजारी आहे ते सांगितलं, माझ्या गुडघ्यांचं रडगाणं गायले. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग चालता हात उचलून खिडकीकडे बोट केलं. खिडकीत दुधाच्या पावडरीचा एक जुना गंजका डबा होता आणि त्यात माती. मी विचारलं, "हौसाचा?" तिने डोळे मिटून उघडले. मी म्हटलं, "नेते. पण आत्ता नाही, आत्ता तू आहेस." ती हसली असावी. तोंडाची एकच बाजू हलत होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

त्या डब्याबद्दल लिहायचं म्हणून मी लिहायला बसले आहे, पण कुमुद कोण हे आधी सांगायला हवं. ती डिचोली तालुक्यातल्या आमच्या खाणीच्या गावात बालवाडी चालवायची. मी त्याच इमारतीत पहिलीचा वर्ग घ्यायची. इमारत म्हणजे एक लांब खोली, मध्ये पार्टिशन. अलीकडे माझे बाराखडीचे तक्ते, पलीकडे तिचा गोंधळ. ती मूळची हरमलची. लग्न होऊन आमच्या गावात आली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आता लोक लगेच म्हणतात की स्वतःची मुलं नव्हती म्हणून तिने दुसऱ्यांच्या मुलांवर जीव लावला. कृपा करून असं म्हणू नका. तिच्या शोकसभेत एकाने असं भाषण केलं तेव्हा मला उठून निघून जावंसं वाटलं. कुमुदला मुलांचा लळाबिळा फारसा नव्हता. ती त्यांचे पापे घेत नसे, त्यांना सोन्या-राजा म्हणत नसे. तिला मुलं काय विचारतात याची उत्सुकता होती, आणि ती लळ्यापेक्षा पुष्कळ दुर्मीळ गोष्ट आहे.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आसपासची ही वर्षं. कोकणी की मराठी यावरून मोठी माणसं एकमेकांच्या पायऱ्या चढत नव्हती. आमच्या शाळेतसुद्धा पालक येऊन विचारायचे की तुम्ही मुलांना नक्की कुठल्या भाषेत शिकवता. मी कडक मराठीवाली. कुमुदकडे गावातली कोकणी बोलणारी मुलं होती, मराठी घरांतली होती, आणि खाणीवर कामाला आलेल्या कोल्हापूर, बेळगावकडच्या मजुरांची होती. ती ज्याच्याशी जसं जमेल तसं बोलायची. तिच्याकडून माझ्याकडे पहिलीत येणाऱ्या मुलांना पेन्सिल नीट धरता येत नसे, पण ओल्या मातीला वास येतो आणि कोरडीला का येत नाही, असं विचारून ती मला भंडावून सोडत. मी तक्रार केली की कुमुद म्हणायची, "व्हडले बाय, तूं तांकां अक्षरां शिकय. विचारपाक तीं शिकून आयल्यांत." व्हडली बाय म्हणजे मोठी बाई. माझी शाळा सरकारी, म्हणून मी मोठी आणि ती धाकटी, असा तो टोमणा होता.

तिच्या बालवाडीत गाणी कमी आणि चिखल जास्त. पाण्याच्या घंगाळात मुलं काय काय टाकून बघायची, चाळणीतून रेती गाळायची, सावलीच्या कडेने खडूने रेघ ओढून जेवणानंतर सावली कुठे गेली ते शोधायची. तिने विज्ञान हा शब्द कधी वापरला नाही. ती खेळच म्हणायची, आणि खेळाचे नियम मात्र फार काटेकोर असायचे. नियम मोडला की ती चार वर्षांच्या पोराशीही भांडायची, अगदी बरोबरीने.

तिचा सगळ्यांत आवडता खेळ पुरण्याचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की ती मुलांना घेऊन शाळेमागच्या काजूच्या डोंगरउतारावर जायची आणि टोपल्यांतून माती आणायची. ती माती डब्यांत भरायची. मग प्रत्येकाने आपल्याला हवं ते पुरायचं. कुणी चवळीचा दाणा, कुणी काजूची बी, कुणी खडा, कुणी शर्टाचं बटण, एकाने तर पोदेराकडचा पावाचा तुकडा. एका डब्यात काहीच पुरायचं नाही, नुसती माती. त्याला मुलं रिकामा डबा म्हणायची. पुरून झालं की वरून हाताने दाबायचं, करवंटीने पाणी घालायचं, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होईपर्यंत रोज पाणी घालत वाट बघायची. मध्येच उकरून बघायचं नाही. आणि पाणी सगळ्यांना सारखं. मी एकदा गमतीने विचारलं की खड्याला आणि बटणाला पाणी घालून काय मिळणार आहे. तिचं उत्तर अजून माझ्या कानात आहे. "सगळ्यांक सारकें उदक. खड्याक उणें घाल्लें जाल्यार खडो म्हणटलो, म्हाका उदक दिलें ना म्हणून हांव रुजलों ना." म्हणजे खड्याला कमी घातलं तर तो पाण्याचं निमित्त सांगेल. चवथीची सुट्टी संपली की सगळ्यांनी मिळून डबे उकरायचे. काय उगवलं, काय कुजलं, काय होतं तसंच राहिलं. रिकाम्या डब्यात बहुतेक वेळा गवताची काडी आलेली असायची आणि मुलं तिच्याकडे जादू बघावी तशी बघायची.

मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी खेळात एक चानी आली. चानी म्हणजे खार. शाळेच्या दारात मरून पडली होती. दुसरी कुणी बाई असती तर केरसुणीने उचलून फेकली असती. कुमुदने मुलांना गोल बसवलं, खार कागदावर ठेवली, आणि ती श्वास घेते का, कान हलवते का, अंग गरम आहे का, हे एकेकाला बघू दिलं. मग मुलांनी ठरवलं की हिलाही पुरायचं. अंगणाच्या कोपऱ्यात पुरली, वरून दाबलं, पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी तीन-चार आया भांडायला हजर. मेलेलं जनावर पोरांच्या हातात दिलं, घरी नेऊन आंघोळी घालाव्या लागल्या, असं म्हणत होत्या. कुमुदने शांतपणे ऐकून घेतलं आणि आंघोळ घातली ते चांगलंच केलं म्हणाली. त्या गेल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या वर्षातलं ते शेवटचं हसणं असावं... निदान मला तरी पुढचं आठवत नाही.

कोल्हापूरकडची हौसा त्याच वर्षी आमच्या गावात आली होती. नवरा खाणीवर मजूर. शाळेच्या खालच्या अंगाला मजुरांच्या खोल्या होत्या, त्यातली एक त्यांची. थोरली मुलगी शेवंता चार वर्षांची, तिला सगळे शेवी म्हणायचे. आणि एक तान्हा मुलगा. शेवी बालवाडीत यायची. काळी, बारकी, फारसं न बोलणारी, पण पाणी घालण्यात सगळ्यांत नेटकी. एक थेंब इकडे तिकडे सांडायची नाही. कुमुद म्हणायची की ही मुलगी पुढे मोठी माणसं सांभाळील.

श्रावणात त्या बाळाला ताप आला. पाऊस असा होता की गावातला ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. डॉक्टरकडे नेईपर्यंत ते गेलं. आपल्याकडे एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पण ही माणसं परगावची, त्यांची इथे जागा कुठली? गावातल्या कुणीतरी वर काजूच्या उताराकडे बोट दाखवलं. नवरा आणि त्याच्या सोबतचा एकजण बाळाला घेऊन गेले. हौसा अंथरुणातून उठण्याच्या स्थितीत नव्हती. शेवीला ठेवायचं कुणाकडे, म्हणून तीही बापाचं बोट धरून गेली. तिने खड्डा बघितला, बाळाला त्यात ठेवताना बघितलं, वरून माती हाताने दाबताना बघितली. वरून पाणी तर आभाळच घालत होतं.

आठवडाभराने शेवी शाळेत आली. सकाळी मुलं गोल बसायची आणि आपल्या डब्याचं काय झालं ते एकेक जण सांगायचा. कुणाच्या चवळीला पान फुटलं, कुणाच्या पावाला बुरशी आली. शेवीची पाळी आली तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "बाई, आमचं बाळ अजून वर आलं न्हाई. मी रोज पानी घालतो."

पार्टिशनच्या अलीकडे मी फळ्यावर लिहीत होते. माझा हात थांबला. पलीकडे मुलं थांबली नाहीत. त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. एका मुलाने तर तिला धीर दिला की काजूच्या बीलाही वेळ लागतो.  मग कुमुद पुढच्या मुलाला म्हणाली, "तुझ्या बटणाचं काय झालं?"

दुपारी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. आम्ही दोघी हौसाकडे गेलो. हौसा दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. शेवी शाळा सुटली की शाळेतली करवंटी घेऊन घरी यायची, हौसा ती कळशीतल्या पाण्याने भरून द्यायची, आणि दोघी मायलेकी उतारावर जायच्या. शेवी पाणी घालायची, हौसा बाजूला बसायची. कुमुदने काही म्हणायच्या आत हौसाच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई. ती जाती म्हनून मीबी जातो तितवर. एकटीनं कसं जाऊ? लोक येडी म्हनतील."

परतताना मी कुमुदला सांगितलं की राहू दे. पोर चार वर्षांची आहे, पाऊस संपला की विसरेल. आईला आधार मिळतोय तेवढा मिळू दे. ती वाटेत थांबली. पायाखाली खाणीवरून वाहून आलेला तांबडा गाळ होता आणि आमच्या चपला त्यात रुतत होत्या. ती म्हणाली, "फटवूं तिका? ती वाट पळयता, नलिनी. वाट पळोवपाक हांवेंच शिकयलां." फटवणं म्हणजे फसवणं, वाट पळोवप म्हणजे वाट बघणं. मला ती व्हडले बाय न म्हणता नावाने हाक मारायची तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसायचा. तरी मी घातला. मी म्हटलं की खरं सांगणं हे काय औषध आहे का, दिलंच पाहिजे असं? ती म्हणाली की चवथीनंतर सगळ्यांचे डबे उकरायचे आहेत. त्या दिवशी शेवी खोरं घेऊन उतारावर गेली तर?

मी चपला गाळातून ओढून काढल्या आणि चालू लागले. 

चवथीची सुट्टी संपली. बाकीच्या मुलांना डबे उकरायला बसवून कुमुद शेवीला घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेली. मी खिडकीतून बघत होते. माझ्या वर्गाला मी काहीतरी उतरवून घ्यायला दिलं होतं. दोघींनी मिळून हाताने माती बाजूला केली आणि चानी वर काढली. केस नव्हते, मांस नव्हतं, माती लागलेली बारीक हाडं होती. कुमुदने ती हाडं पानावर ठेवली. शेवीने एकेक बोटाने हलवून बघितलं. मग दोघी बराच वेळ बोलत होत्या, म्हणजे कुमुद बोलत होती. ते बोलणं तिने मला नंतर सांगितलं. दाणा जिवंत असतो, झोपलेला असतो, म्हणून उगवतो. चानी मेली होती. मेलेलं परत येत नाही, किती पाणी घातलं तरी. शेवीने विचारलं, "आनि बाळ?" कुमुद म्हणाली, "बाळसुद्धा." शेवीने विचारलं की आपण पाणी कमी घातलं का. कुमुद म्हणाली, नाही, तू अगदी बरोबर घातलंस, तुझं काही चुकलं नाही.

शेवी रडली नाही. ती उठली, हात धुतले, आत येऊन करवंटी तिच्या फळीवर पालथी ठेवली आणि डबे उकरणाऱ्या मुलांत जाऊन बसली. मला वाटलं, संपलं. कुमुदने जिंकलं, असंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हौसा आली. शाळेच्या पायरीखालीच उभी राहिली, वर आली नाही. शेवीने घरी जाऊन तिला सांगितलं होतं की आई, बाळ न्हाई उगवायचं, आता पानी नगं घालूस. हौसा चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती कुमुदकडे बघून म्हणाली, "खरं सांगितलासा, बाई. पर त्या पोरीच्या हातनं मला पानी घालाय मिळत हुतं. आता कुनाच्या हातनं घालू?"

कुमुद तिथेच पायरीवर बसली. हौसा निघून गेली. त्या दिवसापासून कुमुदचं बोलणं कमी झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती पूर्वीसारखीच बडबडत राहिली, खेळ घेत राहिली. पुढच्या वर्षीही पुरण्याचा खेळ घेतला, त्याच्या पुढच्याही. पण त्या वर्षीचा रिकामा डबा तिने ओतून टाकला नाही. इतर डबे धुऊन ठेवले, तो तसाच खिडकीत राहिला. मी विचारलं तर म्हणाली, असू दे, गवत आलंय.

पाऊस सरला आणि खाणीचं काम जोरात सुरू झालं. काजूचा उतार कुणाच्या ताब्यात होता हे गावात धड कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच कळलं की एका सकाळी मशीन वर चढलं. आमच्या गावात खाणीविरुद्ध कुणी मोठ्याने बोलत नसे, अर्ध्या घरांच्या चुली तिच्यावर पेटत. शाळेत आम्ही खिडक्या लावून घेतल्या. दोन-तीन दिवसांत काजूची झाडं गेली. आठवड्याने उतारही गेला. ट्रकांत भरून ती माती नदीकाठी गेली, तिथून बार्जवर, तिथून बोटीत. जी माती आमची मुलं टोपल्यांतून आणायची ती आता कुठल्या देशात आहे कोण जाणे.

हौसाच्या नवऱ्याचं खाणीवर काहीतरी बिनसलं आणि त्यांनी गाव सोडायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी हौसा शाळेत आली आणि कुमुदला म्हणाली की माझ्यासंगं चला, मला एकटीनं जायाचा धीर न्हाई. मीही गेले. शेवी आमच्या पुढे चालत होती. जिथे उतार सुरू व्हायचा तिथे आता सरळ तुटलेली कड होती आणि खाली तांबडा खड्डा. ट्रक ये-जा करत होते. हौसा कडेला उभी राहिली. तिने बोट करायचा प्रयत्न केला, इथे होतं असं दाखवायला, पण बोट करायला खूणच उरली नव्हती. झाड नाही, दगड नाही. हवेत कुठेतरी बोट करावं लागलं असतं. तिने हात खाली घेतला. "मूठभर माती घेऊन जानार हुतो," ती म्हणाली, "कुठली घेऊ?" आम्ही उभ्या होतो ती वाट ट्रकांनी आणून टाकलेल्या भरावाची होती.

कुमुद शाळेकडे वळली. आम्ही तिच्या मागे गेलो. तिने खिडकीतला तो रिकामा डबा उचलून हौसाच्या हातात दिला. हौसाने आत हात घातला. "ही त्याच डोंगराची न्हवं का, बाई?" कुमुद म्हणाली, "हय." हौसा म्हणाली, "मग ह्यात हाय त्यो."

मी कुमुदकडे बघितलं. ती माती जूनमध्ये आणलेली होती. बाळ गेलं श्रावणात. त्या डब्यात त्या बाळाचं काहीही असणं शक्य नव्हतं, आणि हे माझ्यापेक्षा कुमुदला जास्त ठाऊक होतं. जी बाई चार वर्षांच्या मुलीशी खोटं बोलू शकली नव्हती, ती त्या वेळी गप्प राहिली.

हौसाने डबा बराच वेळ पोटाशी धरला. मग परत कुमुदच्या हातात दिला. गावाकडे आता राहायला जागा नाही, नवरा कुठे काम मिळेल तिकडे नेईल, सासू असलं काही बघितलं तर फेकून देईल, असं सांगितलं. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. मी येतो न्यायला. तवर पानी घाला, बाई." शेवीने डब्यात डोकावून बघितलं.  मला वाटतं तिला कळत होतं की हा तर रिकामा डबा. पण आईकडे बघून तीही गप्प राहिली.

ती माणसं गेली. पुन्हा आली नाहीत, पत्र आलं नाही, आणि पत्र लिहिणार तरी कोण होतं? वर्षं गेली. खाणीचा खड्डा खोल खोल होत गेला, मग खाण बंद पडली आणि खड्ड्यात हिरवं पाणी साठलं. शाळेतली मुलं कमी झाली. कुमुद निवृत्त होऊन हरमलला भावाच्या घरी गेली तेव्हा तिने बालवाडीतली एकच वस्तू नेली. तिचं म्हणणं होतं की हौसा आमच्या गावात येऊन चौकशी करील, तेव्हा मी तिला हरमलचा पत्ता सांगायचा. मी दरवेळी भेटले की ती विचारायची, "कोण आयलें?" मी म्हणायची, नाही. मग ती दुसरा विषय काढायची.

मी तिला त्यावरून चिडवलंही. म्हटलं, शेवीला शिकवलंस की मेलेलं येत नाही, आणि स्वतः एका न येणाऱ्या बाईसाठी डबा घेऊन बसलीस. ती म्हणाली की हौसा मेली असं तुला कुणी सांगितलं? जिवंत माणूस केव्हाही येऊ शकतो. त्यात तिची नेहमीची जिद्द होती, पण दुसरंही काहीतरी होतं. एकदा तिने सरळच सांगितलं. त्या दिवशी शेवीला सांगितलं ते बरोबर होतं, पण आईला आधी विचारायला हवं होतं. मूल माझ्याकडे शिकायला होतं, दुःख तिचं होतं. "हांवें दोगांचें एकाच हातान उकरून काडलें," ती म्हणाली. दोगां म्हणजे मायलेकी दोघी.

बाराव्याला मी हरमलला गेले. प्रसाद चांगला मुलगा आहे, आत्याचं त्याने खूप केलं. तो अवघडून म्हणाला, "मावशे, घाई ना, पूण सीझन येता." म्हणजे खोली पर्यटकांना द्यायची आहे. खरंच आहे, त्यांचं पोट त्यावर चालतं. खाट हलवली होती, भिंतीवर नवा रंग येणार होता. मी खिडकी उघडली. डबा तिथेच होता, माती भेगाळून आक्रसली होती. झटका आल्यावर तिला पाणी घालता येत नव्हतं, आणि नक्की काय हवं ते सांगता येत नव्हतं. घरच्यांना वाटलं, रिकामा तर आहे. तिने त्या वाळणाऱ्या मातीकडे किती दिवस नुसतं बघितलं असेल... तो विचार मला अजून सोडत नाही. मी डबा पदराखाली घेतला आणि बसमध्ये मांडीवर ठेवून डिचोलीला आणला.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल ती कोल्हापूरकडे जाते की नाही मला माहीत नाही. आजकाल कोण कुणाला काय पाठवतं सांगता येत नाही, म्हणून हे लिहिलं. शेवंता, तू आता चाळिशीच्या आसपास असशील. कदाचित तुला यातलं काही आठवतही नसेल. तुझ्या बाई गेल्या. तुझ्या आईचा डबा माझ्याकडे आहे. त्यातली माती आपल्या काजूच्या उतारावरची आहे, बाळाला तिथे नेण्याच्या आधी आणलेली. तुला खोटं सांगितलेलं बाईंना चाललं नसतं, म्हणून मी सांगते आहे. तुझी आई असेल तर तिला यातलं किती सांगायचं ते तू ठरव, तुला ते तेव्हाही कळत होतं.

माझ्या अंगणात एक तुळस आहे, दोन मिरचीची रोपं आहेत आणि तो डबा. सकाळी ऊन चढायच्या आत मी पाणी घालते, सगळ्यांना सारखं. अजून काही उगवलेलं नाही. मी उकरून बघितलेलं नाही.